धूर आकाशात, झळ रुळावर



मागच्या महिन्यात कुर्डुवाडीला आमच्या शाखेची गेट मीटिंग झाली. विषय नेहमीचेच होते. रिक्त जागा, क्वार्टरची गळती, ओव्हरटाइमची थकबाकी. शेवटी मी विमानांच्या धुराचा आणि सरकारच्या त्याबाबतच्या धोरणाचा विषय काढला. तेव्हा मागे बसलेला एक गँगमन उभा राहून म्हणाला, "सचिवसाहेब, आपल्याला पासावर स्लीपरची बर्थ मिळंना, अन् तुम्ही इमानाचं काय सांगताय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. बर्थ मिळत नाही आणि विमान वाढते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच धोरणाच्या या दोन बाजू आहेत. त्या बंधूला तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

झळ कोणाला लागते?

जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडला जातो, त्यापैकी सुमारे अडीच टक्के विमानांचा असतो. विमानामागे आकाशात ज्या पांढऱ्या रेघा उमटतात, त्यांचा आणि इतर वायूंचा परिणाम धरला तर तापमानवाढीतील विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. आकडा लहान वाटेल. पण तो किती जणांचा आहे ते पाहा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातील फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या धुरापैकी निम्मा धूर जगातील एक टक्का लोकांच्या नावावर आहे. मूठभरांची चैन आणि साऱ्या जगाला ताप, असा हा मामला आहे.

ताप हा शब्द मी उगाच वापरत नाही. मे महिन्यात रूळ तापून वाकडा होऊ नये म्हणून भर दुपारी लाइनवर गस्त घालतो तो आमचा ट्रॅकमेंटेनर. त्याच उन्हात पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरतो तो आमचा टपाल खात्यातील पोस्टमन बंधू. पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पूल तपासतो तोही आमचाच माणूस. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. हवामान बदल हा वातानुकूलित सभागृहातला चर्चेचा विषय असेल. आपल्यासाठी तो पायाखालचा रूळ आहे.

सरकारचे धोरण तरी काय?

सरकार म्हणते, आम्ही हात जोडून बसलेलो नाही. विमानाचा धूर कमी करण्यासाठी आमच्याकडे धोरण आहे. ठीक आहे, ते धोरण तपासून पाहू.

पहिली गोष्ट आंतरराष्ट्रीय योजनेची. १९९७ च्या क्योटो करारात देशोदेशींच्या विमानांच्या धुराचा प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. या संघटनेला योजना तयार करायला २०१६ साल उजाडले. एकोणीस वर्षे! आपला वेतन आयोगसुद्धा एवढा वेळ घेत नाही. या योजनेचे नाव कॉर्सिया. भारत तिच्यात २०२७ पासून सामील होणार आहे. तिचे सार असे, की २०१९ साली जेवढा धूर होता त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर जो धूर जाईल, तेवढ्यापुरती विमान कंपन्यांनी दुसरीकडून भरपाईची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कुठेतरी झाडे लावायची किंवा चुली वाटायच्या, आणि त्याचे पुण्य विमानाच्या खात्यात जमा करायचे. मी ड्युटीला दांडी मारायची आणि दुसऱ्याला पैसे देऊन त्याची हजेरी माझ्या नावावर मांडायची, असे केले तर आपला इन्स्पेक्टर मला चार्जशीट देईल. इथे त्यालाच धोरण म्हणतात. आणि हेसुद्धा फक्त परदेशी जाणाऱ्या उड्डाणांना. मुंबई-दिल्ली, पुणे-बंगळूर अशा देशांतर्गत उड्डाणांना ही योजना लागूच नाही.

दुसरी गोष्ट नव्या इंधनाची. वापरलेले खाद्यतेल, मळी, शेतीचा पाला यांपासून विमानाचे इंधन बनवायचे आणि नेहमीच्या इंधनात मिसळायचे. सरकारने उद्दिष्ट जाहीर केले, की २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के. हेही परदेशी उड्डाणांनाच. आता दुसरा आकडा पाहा. देशांतर्गत विमान प्रवासी २०२३ साली १५ कोटी २० लाखांच्या आसपास होते, २०२४ साली ते १६ कोटी १३ लाख झाले. एका वर्षात सहा टक्के वाढ! वाढ सहा टक्के आणि औषध एक टक्का, तेही दुसऱ्याच रोग्याला. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या आजीला माहीत होते. दिल्लीच्या सचिवांना माहीत नसावे काय?

तिसरी गोष्ट विमानतळांची. छपरावर सौर पट्ट्या लावल्या, दिवे बदलले, की विमानतळ 'हरित' झाल्याची जाहिरात होते. सौर वीज वाईट नाही. पण धूर विमानतळाच्या दिव्यांतून निघत नाही, विमानाच्या इंजिनातून निघतो. १८० आसनांचे विमान तासाला साधारण अडीच टन इंधन पिते आणि एक किलो इंधन जळाले की तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबई-दिल्लीची एक फेरी म्हणजे चौदा-पंधरा टन. हा हिशोब मी मॅट्रिकच्या गणितावर केला आहे. त्याला पदवी लागत नाही.

एका हाताने झाडू, दुसऱ्या हाताने कचरा

धूर कमी करण्याचे धोरण असे कागदी. आणि धूर वाढवण्याचे धोरण मात्र रोख पैशांचे!

'उडान' योजना २०१६ साली आली. पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली उडाले. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असे तेव्हा सांगण्यात आले. कंपनीला तोटा होऊ नये म्हणून सरकारने तिला प्रत्येक आसनामागे भरपाई द्यायची, अशी ही व्यवस्था. तिचे काय झाले? भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात लिहिले आहे, की मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावर टिकले किती? ५४! भरपाई थांबली की विमान थांबले.

आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई विमानासाठी आसनामागे ३,२४० रुपये भरपाई देण्याचा निर्णय घेतला. सोलापूर ते मुंबई रेल्वेने ४५५ किलोमीटर. हा मार्ग विजेवर चालतो. रात्री बसले की सकाळी मुंबई, अशी सिद्धेश्वर एक्सप्रेस पिढ्यान्‌पिढ्या लोकांना नेते आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत साडेसहा तासांत नेते. ज्या मार्गावर रेल्वेची एवढी सोय आहे, तिथे विमानाच्या एका आसनासाठी सरकारी तिजोरीतून ३,२४० रुपये! तेवढ्या पैशात एक माणूस स्लीपरने चार वेळा तरी मुंबईला जाऊन येईल. हा पैसा कोणाचा? विडी वळणाऱ्या बाईने काडेपेटीवर भरलेल्या करातला आणि यंत्रमागावरच्या कामगाराने चहा-साखरेवर भरलेल्या करातला.

आता तिकिटावरच्या कराकडे या. विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के. रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या तिकिटावर जीएसटी किती? तोही पाच टक्के! म्हातारीला दवाखान्यात न्यायचे म्हणून थ्री टियर एसीचे तिकीट काढणारा शिक्षक आणि सकाळी विमानाने जाऊन संध्याकाळी परतणारा कंपनीचा साहेब, दोघे एकाच तराजूत. धुराचा फरक कराच्या दरात कुठेच नाही. आणि परदेशी उड्डाणांची तर मजाच. १९४४ च्या शिकागो करारापासून आणि त्यानंतरच्या देशोदेशींच्या करारांपासून त्यांच्या इंधनाला करमाफीचे संरक्षण आहे. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर कर आहे, हे मी नाकारत नाही. पण तोही कमी करा म्हणून दिल्लीहून राज्यांना पत्रे गेली, आणि महाराष्ट्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुणे भागासाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला.

याच काळात रेल्वेच्या प्रवाशाला काय मिळाले? ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला वाढत्या भाड्याची पद्धत लागू झाली, म्हणजे गर्दी वाढली की भाडे दीडपटीपर्यंत. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली. १ जुलै २०२५ पासून भाडेवाढ झाली. विमानाला भरपाई, रेल्वेला भाडेवाढ! आणि तो हवाई चप्पलवाला कुठे दिसला? २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे तो वांद्रे टर्मिनसवर दिसला. गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरता शिरता चेंगराचेंगरी झाली, नऊ-दहा जण जखमी झाले. त्यांच्या चपला फलाटावर राहिल्या.

पाण्याची गाडी आणि उसाचे विमान

नव्या इंधनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान अशा मिश्र इंधनावर उडाले आणि वर्तमानपत्रांत मोठे कौतुक झाले. अल्कोहोलपासून विमानाचे इंधन बनवता येते, म्हणून साखर उद्योगाला त्यात नवी बाजारपेठ दिसू लागली आहे.

एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानेने मरत होते आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. आधी दहा वाघिणी, मग पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर पाणी. ती गाडी कुर्डुवाडीवरून जायची. आमच्या लोकांनी रजा रद्द करून ती चालवली. माझ्या स्टेशनवर लोक तिला हात जोडत होते, ते मी या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या मुलखात प्यायचे पाणी रेल्वेने न्यावे लागले, त्या मुलखात उसाखाली आणखी जमीन घालून त्याचा अर्क विमानात ओतायचा काय? उसाला पाणी किती लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. वापरलेल्या तेलापासून, पाल्यापाचोळ्यापासून इंधन होत असेल तर जरूर करा. पण ते तेल थोडे असते आणि विमानाची तहान मोठी असते. उद्या ती तहान आमच्या विहिरीपर्यंत येणार नाही, याची हमी कोण देणार?

आक्षेप आणि उत्तरे

काही बंधू म्हणतील, धूर गोऱ्यांनी केला, निस्तरायचा आपण का? प्रश्न योग्य आहे. युरोपने २०१२ साली आपल्या मर्जीने साऱ्या जगाच्या विमानांवर कार्बनचा भार लादायचा प्रयत्न केला, तेव्हा भारताने विरोध केला आणि युरोपला माघार घ्यावी लागली. तो विरोध बरोबर होता. पण देशादेशांत न्याय मागायचा आणि देशातल्या देशात अन्याय करायचा, हे चालणार नाही. "आमचा देश गरीब आहे" असे सांगताना पुढे करायचे झोपडीतल्या माणसाला, आणि सवलत घ्यायची विमानातल्या माणसाने, ही लबाडी आहे.

दुसरे म्हणतील, रेल्वेची वीजही कोळशाचीच. होय, बरीचशी आहे. तरीही इंग्लंडच्या सरकारी आकड्यांनुसार देशांतर्गत विमानात माणशी किलोमीटरमागे सुमारे २५० ग्रॅम कार्बन पडतो, तर रेल्वेत ३५ ते ४० ग्रॅम. आणि तिथली सगळी रेल्वे विजेवरही नाही. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. शंभर वर्षांनी ब्रॉडगेजचे जवळजवळ सगळे जाळे विजेवर आले आहे. त्यात आमच्या ओएचई कामगारांचा घाम आहे आणि काहींचे प्राणही आहेत. उद्या कोळशाच्या जागी सूर्याची, वाऱ्याची वीज आली की तीच तार, तेच इंजिन, तीच गाडी चालेल. विमानाला मात्र आकाशात तार लावता येत नाही.

तिसरे म्हणतील, संघटना प्रगतीच्या विरोधात आहे. मुळीच नाही. टपाल बंधूंना आठवत असेल, १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि परत जायची. नागपूरच्या टपाल कामगारांनी अभिमानाने ते काम केले. अंदमानला, लडाखला, ईशान्येच्या डोंगरांत विमान हवेच. रोग्याला, पूरग्रस्ताला हवेच. आमचा विरोध आहे तो जिथे रुळावरून रात्रीत पोचता येते तिथे जनतेच्या पैशाने विमान उडवण्याला.

परदेशात हे झाले आहे. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने, जिथे रेल्वेने अडीच तासांत जाता येते तिथली विमाने बंद करायचे ठरवले. २०२३ साली अंमल सुरू झाला. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियाँ हे तीनच मार्ग बंद झाले. कायद्याला पळवाटा किती असतात, ते यातून शिकावे. पण तत्त्व मान्य झाले. जर्मनीने २०२० साली लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटावरचा कर १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणला आणि त्याच वर्षी विमान तिकिटावरचा कर वाढवला. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग असतो.

विमान कामगार आपलेच

एक इशारा आपल्यालाच. हा लढा विमान कंपन्यांच्या धोरणाशी आहे, विमानतळावर सामान चढवणाऱ्या लोडरशी नाही. किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज २०१९ साली, गो फर्स्ट २०२३ साली बंद पडली. दरवेळी कर्ज बँकांच्या गळ्यात आणि उपासमार कामगारांच्या घरात. उद्या हवामानाचे नाव पुढे करून मालक पुन्हा कामगारांनाच काढतील. म्हणून आमची अट अशी, की एखादा मार्ग बंद झाला तर तिथल्या प्रत्येक कामगाराला, कंत्राटी कामगारासह, पर्यायी नोकरी मिळालीच पाहिजे. रेल्वेतील रिक्त जागा आम्ही वर्षानुवर्षे ओरडून सांगतो आहोत. माणसे पाहिजेत, जागाही आहेत. फक्त सरकारची सही पाहिजे.

घरचा आहेर

आणि एक कडू गोष्ट. आपले पुढारी दिल्लीच्या बैठकीला कसे जातात? आमच्या तरुणपणी वरिष्ठ पुढारी सेकंड क्लासने यायचे. वाटेत प्रत्येक जंक्शनवर कामगार भेटायचे, चहा व्हायचा, निम्मी संघटना फलाटावरच बांधली जायची. आज पुढारी विमानाने येतात, हॉटेलात उतरतात आणि परत जातात. अपवाद तब्येतीचा आणि तातडीचा असावा. पण रेल्वे कामगारांच्या पैशाने रेल्वे कामगारांचा प्रतिनिधी आकाशातून जात असेल, तर त्या गँगमनच्या हसण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः गेल्या वर्षी एकदा विमानाने गेलो. पुन्हा जाणार नाही, हे इथे लिहून देतो.

आमच्या मागण्या

१. जिथे रेल्वेने दिवसभरात किंवा रातोरात पोचता येते, अशा मार्गांवरील विमानांची सरकारी भरपाई बंद करा. तो पैसा त्याच मार्गावर सामान्य व स्लीपर डबे वाढवण्यासाठी द्या.

२. रेल्वेच्या तिकिटावरील जीएसटी रद्द करा. वरच्या वर्गाच्या आणि वारंवार केल्या जाणाऱ्या विमानप्रवासावर हवामान कर लावा, आणि तो रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी राखून ठेवा.

३. देशांतर्गत उड्डाणांच्या धुराचा हिशोब मार्गवार दरवर्षी जाहीर करा. तिकिटावर धुराचा आकडा छापा, म्हणजे प्रवाशाला कळेल.

४. विमानाच्या इंधनासाठी पिण्याच्या पाण्यावर आणि अन्नधान्यावर गदा येणार नाही, असा कायदा करा.

५. ज्येष्ठ नागरिकांची सवलत परत द्या. रेल्वे व टपाल खात्यातील रिक्त जागा भरा. उन्हात काम करणाऱ्यांना सावली, पाणी आणि कामाच्या वेळेत बदल द्या.

६. धोरण ठरवताना रेल्वे, टपाल आणि विमान कामगारांच्या संघटनांना चर्चेला बोलवा.

बंधू-भगिनींनो, तुम्ही भुसावळला असा, इटारसीला, खडगपूरला, हुबळीला किंवा सिकंदराबादला असा, आपापल्या शाखेत हा ठराव मांडा. कुणी हसले तर हसू द्या. मग त्याला विचारा, तुला बर्थ का मिळत नाही? डबे वाढवायला पैसा नाही, असे तुला सांगितले जाते. पैसा आहे. तो तुझ्या डोक्यावरून उडून जातो आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— शाखा सचिव, कुर्डुवाडी